प्रोग्रामचा विभाग होतो म्हणजे नेमकं काय होतं?

मार्च 2019 च्या अखेरीस येल विद्यापीठातल्या 13 प्राध्यापकांनी एकत्रितपणे जाहीर केलं, की 'एथ्निसिटी, रेस अँड मायग्रेशन' या प्रोग्राममधलं काम आम्ही यापुढे करणार नाही. वंश, वांशिक ओळख आणि स्थलांतर असा हा विषय, आणि त्यात पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत चाललेली. गंमत वाटेल, पण या 13 जणांपैकी कुणाचीही नोकरी गेली नाही. पगार सुरू राहिले, खोल्या त्याच राहिल्या, कारण ते सगळे इतिहास, इंग्रजी, अमेरिकन स्टडीज अशा दुसऱ्या विभागांचे नोकरदार होते. या प्रोग्रामसाठी ते वरकड काम करत होते, आणि ते त्यांनी थांबवलं. एवढ्यानं तो प्रोग्राम बंद पडायच्या बेताला आला.

अमेरिकन विद्यापीठांमधून अशा बातम्या अधूनमधून येत असतात. कुठे विद्यार्थी धरणं धरतात, कुठे शिक्षक पत्रं लिहितात, आणि मागणी एकच असते: आमच्या प्रोग्रामला विभागाचा दर्जा द्या. आपल्याकडचा वाचक चक्रावतो. विषय तर शिकवला जातोय, पदवीही मिळतेय, मग पाटीवर 'प्रोग्राम' लिहिलं काय आणि 'डिपार्टमेंट' लिहिलं काय, फरक काय पडतो? फरक पडतो, आणि तो बराच मोठा असतो. फक्त तो पाटीवर दिसत नाही.

प्रोग्राम कशाला म्हणतात, विभाग कशाला

आधी एक घोळ मिटवू. 'एमएस प्रोग्राम', 'पीएचडी प्रोग्राम' असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ फक्त अभ्यासक्रम असतो, आणि तो विभागाचाच असू शकतो. या लेखात प्रोग्राम म्हणजे विद्यापीठाच्या रचनेतलं एक घटक-युनिट, विभागाच्या एक पायरी खालचं.

विभागाकडे चार गोष्टी असतात. स्वतःची शिक्षकांची पदं, स्वतःचं अंदाजपत्रक, शिक्षकाच्या बढतीवर पहिलं मत देण्याचा हक्क आणि आपला अभ्यासक्रम ठरवण्याचा हक्क. प्रोग्रामकडे बहुतेक वेळा यातली शेवटचीच पूर्णपणे असते. त्याला एक संचालक असतो, एखादा कार्यालयीन कर्मचारी असतो, थोडा निधी असतो. शिकवणारी माणसं मात्र इतर विभागांकडून मागून आणलेली असतात.

हौशी नाट्यसंस्था ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी एखादी संस्था घ्या. नायक बँकेत, नायिका शाळेत, प्रकाशयोजना करणारा महावितरणात. सगळे जीव तोडून काम करतात, नाटकही उत्तम बसतं. पण मार्च एंडला नायकाला तालमीला येता येत नाही, आणि त्याची चंद्रपूरला बदली झाली तर संस्थेला विचारायची बँकेला गरज नसते. नाटकातल्या कामासाठी बँक त्याला बढतीही देत नाही. प्रोग्रामची अवस्था अगदी अशीच असते. फरक इतकाच, की इथे प्रयोग दरवर्षी करावाच लागतो, कारण विद्यार्थी फी भरून बसलेले असतात.

एका नेमणुकीचा प्रवास

या विषयाची खरी नाडी नेमणुकीत आहे, म्हणून ती जरा सावकाश पाहू.

समजा, आफ्रिकन अमेरिकन स्टडीजच्या एका प्रोग्रामला ब्लूज गाण्यांचा आणि गुलामगिरीच्या काळातल्या मौखिक परंपरेचा अभ्यास केलेली एक तरुण संशोधक हवी आहे. प्रोग्रामला जाहिरात देता येत नाही, कारण त्याच्याकडे पदच नाही. मग संचालक इंग्रजी विभागाच्या प्रमुखाकडे जातात. प्रमुख म्हणतात, यंदा आम्हाला शेक्सपिअरचा माणूस निवृत्त झाल्यामुळे ती जागा भरायची आहे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी जागा निघते, पण जाहिरातीत 'एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन साहित्य' असं लिहिलं जातं, कारण विभागाचा तो पेपर शिकवायला कुणी नाही. ब्लूजवाली संशोधक अर्ज करते. निवड समितीत पाच जण आहेत, त्यांतला एक प्रोग्रामशी संबंधित. तरीही ती निवडली गेली असं धरून चालू.

आता तिला दोन घरं सांभाळायची असतात. बैठका दोन ठिकाणी, विद्यार्थी दोन ठिकाणचे, समित्या दोन्हीकडच्या. अमेरिकेत नव्या शिक्षकाला साधारण सहाव्या वर्षी एका मोठ्या परीक्षेला सामोरं जावं लागतं. त्याला टेन्युअर म्हणतात: सगळं काम तपासून, बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवून दिलेली कायम नेमणूक, जी मिळाली की नोकरीवरून काढणं फार अवघड असतं. नाही मिळाली तर साधारण वर्षभरात विद्यापीठ सोडावं लागतं. मधला मार्ग नसतो.

तिचं काम तपासणार कोण? इंग्रजी विभाग. तिचं पुस्तक गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांवर आहे. विभागातले काही जण प्रामाणिकपणे म्हणतात, हे चांगलं आहे, पण हे साहित्य आहे का? तिनं प्रोग्रामचे दोन नवे पेपर उभे केले, तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहिले. या सगळ्याबद्दल प्रोग्रामचे संचालक एक पत्र लिहू शकतात. ते पत्र फाइलला जोडलं जातं. मतदानाचा हक्क त्यांना नसतो.

यात कुणी दुष्ट नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. इंग्रजी विभाग आपल्या विषयाच्या मोजपट्टीनं मोजतो, आणि ते त्याचं कामच आहे. अडचण अशी, की तिचा स्वतःचा विषय मोजणारं घर विद्यापीठात अस्तित्वात नाही. ती नाकारली गेली की प्रोग्रामचे दोन पेपर तिच्याबरोबर जातात, आणि संचालक पुन्हा इंग्रजी विभागाच्या दाराशी उभे राहतात.

विभाग झाला की हा प्रवास बदलतो. जाहिरात विभाग काढतो, माणूस तोच निवडतो, सहाव्या वर्षी पहिलं मतदान त्याच विषयातल्या माणसांचं होतं. वर डीन आणि विद्यापीठाची समिती असतेच, अंतिम निर्णय त्यांचा. पण फाइल कोणत्या शब्दांत वर जाते याला फार महत्त्व असतं.

हार्वर्ड: पाटी लागली, माणसं आली नाहीत

मग विभागाची पाटी मिळाली म्हणजे काम फत्ते? तसं नाही, आणि याचा सगळ्यात बोलका पुरावा हार्वर्डमध्ये आहे.

1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काळ्या विद्यार्थ्यांनी आपला इतिहास अभ्यासक्रमात यावा म्हणून मोठा लढा दिला. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये नोव्हेंबर 1968 मध्ये सुरू झालेला विद्यार्थी संप मार्च 1969 पर्यंत चालला, आणि त्यातून तिथे ब्लॅक स्टडीजचा विभाग आणि एथ्निक स्टडीजची स्वतंत्र शाखा उभी राहिली. हार्वर्डमध्ये अर्थशास्त्रज्ञ हेन्री रोसोव्हस्की यांच्या समितीनं जानेवारी 1969 मध्ये अहवाल दिला. त्यात आफ्रो-अमेरिकन स्टडीजचा प्रोग्राम सुचवला होता, म्हणजे विद्यार्थ्यानं हा विषय दुसऱ्या एखाद्या प्रस्थापित विषयाच्या जोडीनं घ्यायचा. विद्यार्थ्यांना हे पटलं नाही. जोडीनं घ्यायचा विषय कायम दुय्यम राहणार, असं त्यांचं म्हणणं होतं. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी, मुख्यतः विद्यापीठातल्या लष्करी प्रशिक्षणाच्या विरोधात, प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला, पोलीस आत शिरले, संप झाला. त्याच महिन्यात प्राध्यापकांच्या सभेनं प्रोग्राम बाजूला ठेवून विभागाच्या बाजूनं मत दिलं. शिक्षकनिवडीत विद्यार्थ्यांना मत देण्याचंही ठरलं. हे पटलं नाही म्हणून रोसोव्हस्की समितीतून बाहेर पडले.

म्हणजे विभाग झाला. युअर्ट ग्विनियर त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढची वीस वर्षं मात्र त्याला शिक्षक मिळवताना धाप लागली. बाहेरून बोलावलेली मोठी माणसं यायला तयार नव्हती, आतल्या विभागांशी संयुक्त नेमणुकांवर वाद होत राहिले. डिसेंबर 1989 मध्ये विभागप्रमुख आणि इतिहासकार नेथन हगिन्स वारले, आणि त्यानंतर तिथे टेन्युअर असलेला एकच प्राध्यापक उरला. 1990 मध्ये विद्यार्थी पुन्हा आंदोलनाला उभे राहिले. 1991 मध्ये साहित्याचे अभ्यासक हेन्री लुइस गेट्स प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी एकामागून एक माणसं आणली, तत्त्वज्ञ कॉर्नेल वेस्ट आणि समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्यूलियस विल्सन त्यांतलेच. मग हा विभाग देशातल्या आघाडीच्या विभागांत गणला जाऊ लागला. दर्जा 1969 मध्येच मिळाला होता, बळ यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं.

प्रिन्स्टन: उलट्या टोकाकडून

प्रिन्स्टनमध्ये हेच सगळं दुसऱ्या बाजूनं घडलं. तिथेही आफ्रिकन अमेरिकन स्टडीजचा प्रोग्राम 1969 मध्येच सुरू झाला, पण कित्येक वर्षं तो प्रोग्रामच राहिला. विद्यार्थ्याला त्यात मुख्य विषय घेता येत नसे. इतिहास किंवा राज्यशास्त्र मुख्य विषय ठेवायचा आणि या विषयाचं एक प्रमाणपत्र जोडून घ्यायचं, अशी सोय होती. 2006 मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षा शर्ली टिलमन यांच्या काळात त्याचं सेंटर झालं, म्हणजे प्रोग्राम आणि विभाग यांच्या मधली पायरी. व्हॅलरी स्मिथ त्याच्या पहिल्या संचालक. सेंटर करतानाच शिक्षकांची संख्या वाढवायची आणि त्याला स्वतःची इमारत द्यायची असं ठरलं होतं. माणसं जमली, पेपर स्थिरावले, आणि मग 1 जुलै 2015 रोजी विद्यापीठानं त्याला विभाग केलं. एडी ग्लॉड पहिले प्रमुख झाले. त्यानंतर विद्यार्थ्यांना हाच विषय मुख्य म्हणून घेता येऊ लागला.

1969 ते 2015 म्हणजे 46 वर्षं. याला कुणी संयम म्हणेल, कुणी दिरंगाई. माझं मत विचाराल तर शेवटची नऊ वर्षं शहाणपणाची होती, आधीची बरीचशी दिरंगाईची. सेंटर असताना माणसं आणि पैसा आधी आला, पाटी नंतर बदलली, म्हणून विभाग पहिल्या दिवसापासून आपल्या पायावर उभा राहू शकला. पण त्याआधी 37 वर्षं ज्या विद्यार्थ्यांना हा विषय जोडविषय म्हणूनच शिकावा लागला, त्यांच्या वाट्याला त्या शहाणपणातलं काहीच आलं नाही.

आणि येलचं काय झालं? प्राध्यापकांच्या माघारीनंतर साधारण पाच आठवड्यांत, मे 2019 मध्ये, विद्यापीठानं त्या प्रोग्रामला पाच शिक्षकपदं आणि ती भरण्याचा हक्क दिला. 13 जण परत आले. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तेव्हा त्याला विभाग म्हटलंच गेलं नाही. तो प्रोग्रामच राहिला, पण त्याच्या हातात पदं आली. तिन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की झगडा कशासाठी असतो ते दिसतं. तो शिक्षकाचं पद कुणाच्या नावावर आहे यासाठी असतो. ते पद मिळवण्याचा सगळ्यात पक्का मार्ग विभाग होणं हा असतो, म्हणून विभाग मागितला जातो.

पण हा खरंच स्वतंत्र विषय आहे का?

सगळ्यात जास्त येणारी शंका ही. उद्या कुणीही उठून आपल्या आवडीच्या विषयाचा विभाग मागेल, मग विद्यापीठानं किती विभाग काढायचे?

शंका रास्त आहे. पण स्वतंत्र विषय आकाशातून पडत नाहीत, ते घडतात. आज ज्याच्या प्रवेशासाठी आपली मुलं अकरावीपासून कोटा-लातूर गाठतात, त्या कॉम्प्युटर सायन्सचंच बघा. अमेरिकेत त्याचा पहिला विभाग 1962 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात निघाला. स्टॅनफर्डमध्ये तो गणित विभागाच्या पोटात होता. जॉर्ज फोर्सिथ यांच्या प्रयत्नांतून 1965 मध्ये वेगळा विभाग झाला. तेव्हाही आक्षेप हाच होता: यंत्राचं शास्त्र असतं का, हे तर थोडं गणित, थोडं इलेक्ट्रिकल. आपल्या आयआयटी कानपूरमध्ये कॉम्प्युटर सायन्स 1971 मध्ये आंतरविभागीय प्रोग्राम म्हणून सुरू झाला आणि 1984 मध्ये विभाग झाला. आज कुणी म्हणत नाही की तो गणिताचा उपविषय आहे.

विषय पिकला आहे की नाही हे ओळखायला काही खुणा असतात. त्यात पीएचडी करून बाहेर पडलेली, फक्त याच विषयात तयार झालेली पिढी आहे का? त्याची स्वतःची संशोधनपत्रिका, परिषदा, स्वतःची वादस्थळं आहेत का? दुसऱ्या विषयातला चांगला प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत तयारी करून तो शिकवू शकतो, की त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं? याची उत्तरं 'हो, हो आणि वेगळं लागतं' अशी आली, तर त्या विषयाला प्रोग्राममध्ये अडकवून ठेवणं म्हणजे प्रौढ माणसाला शाळेच्या बाकावर बसवण्यासारखं आहे. उत्तरं तशी येत नसतील, तर विभाग घाईनं करू नये. हार्वर्डला सोसावी लागलेली वीस वर्षं त्या घाईचीही होती. अर्थात, त्या घाईमागे विद्यार्थ्यांचा किती वर्षांचा तुंबलेला राग होता हेही विसरता येणार नाही.

अनेक विषय एकत्र येण्याची मजा जाणार नाही का?

हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो बहुतेकदा प्रोग्रामच्या हितचिंतकांकडूनच येतो. प्रोग्रामची ताकद अशी, की तिथे इतिहासकार, कवी, अर्थतज्ज्ञ आणि डॉक्टर एका टेबलाशी बसतात. विभाग झाला की स्वतःच्या भिंती उभ्या राहतील, विषय आखडेल.

धोका खरा आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. विभाग झाल्यावरही संयुक्त नेमणुका होतात, प्रिन्स्टन आणि हार्वर्ड दोन्हीकडे त्या आहेत. फरक असा, की तिथे विभाग बरोबरीच्या नात्यानं बोलतो: अर्धी नेमणूक आमची, अर्धी तुमची, बढतीच्या वेळी दोघांचं मत. आणि दुसरं, उसन्या माणसांवरचा एकोपा फार नाजूक असतो. टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला आपल्या मूळ विभागाचं काम संपवून तिथे यायचं असतं. उत्साही संचालक असेपर्यंत ते येतात. तो गेला, आजारी पडला, दुसऱ्या विद्यापीठात गेला, की टेबल रिकामं व्हायला दोन वर्षं पुरतात.

खर्चाचा मुद्दा मात्र सरळ आहे आणि त्याला वळसा घालू नये. विभाग महाग असतो. कायम पदं, प्रमुखाचा भत्ता, कार्यालय, संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या हे सगळं दरवर्षी लागतं. ज्या विद्यापीठाला हे झेपत नाही त्यानं तसं स्पष्ट सांगावं. 'दर्जा देतो, पदं नंतर बघू' हे उत्तर सगळ्यात वाईट, कारण त्यात जबाबदारी विभागाची येते आणि हात प्रोग्रामचेच राहतात.

विभाग झाला की कायमचा सुरक्षित?

नाही. 2023 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठानं तुटीचं कारण देऊन 28 मुख्य विषय बंद केले आणि शिक्षकांची 143 पदं कमी केली. तिथला जागतिक भाषांचा विभाग जवळजवळ संपवला गेला. म्हणजे विभागही बंद होऊ शकतात.

पण बंद करण्याची किंमत वेगवेगळी असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडाच्या विश्वस्तांनी जेंडर स्टडीजचा प्रोग्राम बंद करायचं एका बैठकीतल्या मतदानानं ठरवलं. वेस्ट व्हर्जिनियात अनेक महिने चर्चा चालली, अपिलं झाली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले, देशभरातून टीका झाली. शेवटी तोडायचं ते तोडलंच, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कारणं देऊन. राजकीय वारं फिरल्यावर कुठलंही सरकार किंवा विश्वस्त मंडळ आधी हात घालतं ते जिथे कायम माणसं कमी आणि कागद हलके असतात तिथे.

आपल्याकडे याचं रूप

महाराष्ट्रात 'प्रोग्राम' असा वेगळा दर्जा नाही, पण तीच अवस्था 'केंद्र', 'अध्यासन', 'विनाअनुदानित अभ्यासक्रम' या नावांनी आपण रोज पाहतो.

स्त्री अभ्यास हे त्याचं ठळक उदाहरण. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी 1974 मध्ये स्त्री अभ्यासाचं संशोधन युनिट सुरू केलं. देशातलं ते पहिलं. पुढे 1980 च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभर स्त्री अभ्यास केंद्रांची योजना आणली. पुणे विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र 1987 मधलं. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे संचालक असताना जात आणि स्त्रीप्रश्न एकत्र ठेवून पाहणारं, मराठीतून साहित्य तयार करणारं, ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना सामावणारं असं तिथलं काम देशभर ओळखलं गेलं. पण 'योजना' हा शब्द इथे निर्णायक आहे. योजनेतली केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या कालावधीला बांधलेली असत. 2017 मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली, आणि देशभरातल्या स्त्री अभ्यास केंद्रांपुढे पुढचे पगार कुठून येणार हा प्रश्न उभा राहिला. तीस-तीस वर्षं काम केलेल्या केंद्रांना मुदतवाढीच्या पत्राची वाट बघावी लागली. अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागाला योजना संपली म्हणून अशी वाट कधी बघावी लागली नाही.

विनाअनुदानित अभ्यासक्रमांची कथा याहून साधी आणि जास्त पसरलेली. एखादा काळाला धरून असलेला विषय, पत्रकारितेतला, पर्यावरणातला, जैवतंत्रज्ञानातला, एखाद्या जुन्या विभागाच्या छत्राखाली फीच्या पैशांवर सुरू होतो. शिकवायला तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना मानधन तासाला मिळतं, सुट्टीत मिळत नाही, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यांना संशोधन मार्गदर्शक होणं जवळजवळ अशक्य, अभ्यास मंडळावर त्यांना जागा नाही. म्हणजे जो रोज वर्गात उभा राहतो त्याला अभ्यासक्रम ठरवताना आवाज नसतो. अशा अभ्यासक्रमाचा विभाग करायचा तर प्रस्ताव विद्यापरिषद आणि व्यवस्थापन परिषदेतून जातो. पण गाडी अडते ती पुढे, राज्य सरकारच्या पदमान्यतेपाशी. पगाराचं अनुदान सरकारनं द्यायचं, त्यासाठी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, पद हवं, आणि वित्त विभागाची संमती हवी. विद्यापीठानं ठराव केला म्हणून पद तयार होत नाही. म्हणूनच आपल्याकडे पाटीवर विभाग आणि आत सगळे कंत्राटी, असं दृश्य दिसतं. हार्वर्डनं 1969 नंतर जे भोगलं त्याचीच ही आवृत्ती, फक्त आपल्याकडे ती नियमच झाली आहे.

इथे आणखी एक गाठ आहे, जी अमेरिकेत नाही. आरक्षणाची बिंदुनामावली. पदं क्रमानं भरताना कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला हे ती ठरवते. केंद्रीय पद्धतीच्या 13 बिंदूंच्या नामावलीत चौथं पद ओबीसींना आणि सातवं अनुसूचित जातींना जात होतं. अनुसूचित जमातींचा क्रमांक तर ते 13 बिंदू संपल्यावर, चौदाव्या पदावर. आता नव्यानं झालेल्या विभागात शिक्षकच तीन असतील तर? विभाग हे एकक धरलं तर तिथल्या पहिल्या तीन नेमणुकांत आरक्षित पद येणारच नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 2017 मध्ये विभाग हेच एकक धरायला सांगितलं, विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 मध्ये तसं परिपत्रक काढलं, आणि देशभर आंदोलन पेटलं. अखेर 2019 मध्ये संसदेनं कायदा करून केंद्रीय शिक्षण संस्थांसाठी विभागाऐवजी संपूर्ण संस्था हे एकक ठरवलं. नवा विभाग मागणाऱ्यांनी हा इतिहास ठाऊक ठेवायला हवा. छोटे छोटे विभाग निघावेत ही मागणी आणि त्यांतल्या जागा सर्वांना खुल्या असाव्यात ही मागणी एकमेकींच्या आड येऊ शकतात. कायद्यानं ती गाठ सोडवली म्हणून त्या आज शेजारी उभ्या राहू शकतात.

प्रवेश घेताना काय विचारायचं

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना हा प्रश्न फार छळतो: प्रोग्राममधून घेतलेली पदवी कमी प्रतीची असते का? पदवी विद्यापीठ देतं, प्रमाणपत्रावर प्रोग्राम की विभाग याला फारसं महत्त्व नसतं. तेव्हा नावावरून घाबरू नये. काही उत्तम शिक्षण प्रोग्रामांमधूनच मिळतं, कारण तिथे शिकवणारे सगळे स्वतःहून आलेले असतात.

पीएचडीसाठी जाणाऱ्यांनी मात्र चौकशी बारकाईनं करावी. संकेतस्थळावर शिक्षकांची लांबलचक यादी असते. त्यातल्या किती जणांची नेमणूक या युनिटमध्ये आहे आणि किती जण केवळ 'संलग्न' आहेत, हे प्रत्येकाच्या पानावर पहिल्या ओळीत कळतं. पाच वर्षांची शिष्यवृत्ती कुणाच्या अंदाजपत्रकातून येते, आणि अध्यापन सहायकाचं काम दुसऱ्या विभागात मागायला जावं लागतं का, हे तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्याला ईमेलवर विचारावं. विद्यार्थी खरं सांगतात. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेला तर दुसरा कोण आहे, हेही विचारावं. एकाच माणसाच्या भरवशावर पाच वर्षं घालवू नयेत. आणि महाराष्ट्रात एखाद्या नव्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यानं कार्यालयात सरळ विचारावं, की इथे पूर्णवेळ, मान्यताप्राप्त पदावरचे शिक्षक किती आहेत. ही माहिती मागणं हा उद्धटपणा नाही. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ती मिळू शकते.